मास्तरांच्या डोक्यामागचा क्रूस

नाताळच्या आदल्या दुपारी सलूनवाल्याने मास्तरांना खुर्चीत बसवलं, मशीन सुरू केलं आणि डोळे मिटले.

खरं तर डोळे मिटायचं ठरलं नव्हतं. प्रार्थना करायचं ठरलं होतं. नाताळ जवळ आला तसं पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं होतं, की देवाचा मान फक्त रविवारी बाकावर बसून राखला जात नाही. ज्याच्या हाती जे काम असेल, त्या कामातच तो राखायचा. मंडळीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन ते जेवायला बसले. सलूनवाल्याच्या मनात मात्र ते घर करून राहिलं. तेव्हापासून जो खुर्चीत बसेल त्याच्यासाठी तो मनातल्या मनात प्रार्थना करू लागला. दाढीवाल्यांसाठी छोटी, केसवाल्यांसाठी मोठी. गिऱ्हाइकांना एवढंच जाणवलं, की हल्ली याची बडबड कमी झाली आहे. आणि त्याबद्दल त्यांनीही देवाचे आभार मानले असणार.

मास्तर म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर. केस पांढरेशुभ्र, लाटालाटांचे. गाणं चढलं की तेही डोलायचे. "मागून जरा सारखे कर," एवढं म्हणून मास्तर पेंगायला लागले.

बाहेर धुकं उतरलं होतं. काचेवर वाफ धरली होती आणि खिडकीतला कागदी तारा आतल्या दिव्याने मंद पिवळा झाला होता. मशीन गुणगुणत होतं. मास्तरांचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता, हे सलूनवाल्याला ठाऊक होतं. तो त्याच्यासाठी मागू लागला: देवा, या नाताळला त्याला घरी येऊ दे. मागता मागता त्याला प्रभूच्या जन्माचा तो गोठाच दिसायला लागला. गवताचा वास, गाईचा उबदार श्वास, बाळाच्या टाळूवरची मऊ लव. त्या टाळूवरून त्याने अगदी अलगद हात फिरवला.

डोळे उघडले तेव्हा मास्तरांच्या मानेपासून टाळूपर्यंत सरळ रस्ता झाला होता. तो इतका दचकला, की हात आडवा गेला आणि रस्त्याला चौक मिळाला.

"झालं?" मास्तर जागे झाले.

"झालं. म्हणजे... जरा जास्तच झालं."

"असू दे. सणाला थोडं जास्त झालेलं शोभतं."

"मास्तर, मागचं जरा सांगायचं होतं—"

"मागचं नको काढूस रे, आज तरी!" मुलाचाच विषय निघतोय असं मास्तरांना वाटलं. त्यांनी घाईघाईने मफलर डोक्यावरून कानापर्यंत गुंडाळला आणि ते धुक्यात दिसेनासे झाले.

सलूनवाल्याच्या बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मास्तर गाणाऱ्यांकडे तोंड करून उभे राहतात ना?"

"हो."

"मग मंडळीकडे काय असतं त्यांचं?"

सलूनवाला तसाच चर्चकडे पळत सुटला.

सराव संपत आला होता. गायकांच्या मागे उभा राहून तो हातवारे करू लागला, स्वतःच्या डोक्यामागे बोट दाखवू लागला. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "गायचंय होय? मग लाजतोस काय! ये, खालच्या सुरात माणसं कमीच आहेत." सलूनवाल्याला वरचा सूर कोणता आणि खालचा कोणता, याचा पत्ता नव्हता. पण तोवर रात्रीच्या उपासनेला लोक आत यायला लागले, कुणीतरी त्याच्या हातात पेटती मेणबत्ती दिली आणि तो रांगेत अडकला.

दुसऱ्या गाण्यात मास्तरांना उकडलं. त्यांनी मफलर काढून बाजूला टाकला. सलूनवाल्याला समोर मास्तरांचा तल्लीन चेहरा दिसत होता आणि त्यामागे, मेणबत्त्यांच्या उजेडात तरंगल्यासारखी, आ वासलेली अख्खी मंडळी. मग पहिल्या बाकावरच्या एक आजी हळूच उठून उभ्या राहिल्या. त्यांचं पाहून मागची रांग उठली, मग त्यामागची. मास्तरांना पाठीमागची सळसळ ऐकू आली. हा गाण्याचाच परिणाम समजून ते आणखी रंगले. सलूनवाला घामाने निथळत नुसता तोंड हलवत होता.

उपासना संपल्यावर आजींनी मास्तरांचे हात धरले. "केसांवर केवढा जीव तुमचा! तेच प्रभूला वाहिलेत, आणि कुणाला बोललासुद्धा नाहीत!"

"काय वाहिलं मी?"

"अहो, डोक्यामागचा क्रूस!"

मास्तरांचा हात मागे गेला. बोटं रस्त्याने वर चढली, चौकात थांबली, दोन्हीकडे जाऊन आली.

सलूनवाला गप्प राहिला असता तर सगळं निभावून गेलं असतं. मास्तरांच्या भक्तीचं नाव झालं असतं आणि त्याच्या कलेचंही. पण आजींचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याला बघवेना.

"ते मी केलं," तो म्हणाला. "कुणी काही वाहिलं नाही. मास्तरांसाठी प्रार्थना करत होतो. डोळे मिटले गेले."

आधी कुणीतरी खुसखुसलं, मग सगळं चर्च हसायला लागलं. पाळकसाहेब झग्याच्या बाहीआड हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत.

"काय मागत होतास?"

"तुमचा मुलगा घरी यावा म्हणून."

हशा थांबला. मास्तरांचा हात पुन्हा डोक्यामागच्या चौकात गेला. मग ते म्हणाले, "मग मधेच डोळे उघडलेस कशाला?"

नाताळनंतर सलूनवाल्याने दुकान उघडलं ते धास्तीनेच. आता कोण आपली मान त्याच्या हाती देणार? सकाळ निम्मी सरली तरी कुणी फिरकलं नाही. मग दार ढकलून समोरच्या दुकानातले घड्याळवाले आत आले. मध्ये फक्त एक रस्ता, पण इतक्या वर्षांत ते कधी सलूनची पायरी चढले नव्हते. डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता आणि दाढी ते घरीच करायचे. त्यांची बायको यंदाच वारली होती. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय करू, काका?" सलूनवाल्याने चाचरत विचारलं.

"कापण्यासारखं काही दिसतंय का तुला?"

"नाही."

"मग नुसता मागे उभा राहा," घड्याळवाले म्हणाले. "आणि घाई करू नकोस."