अपरान्त फुटबॉल क्लबचा एकमेव सामना

फुटबॉल क्लब खेळाडूंवाचून चालतो, कार्यकारिणीवाचून चालत नाही. जगातल्या नामांकित क्लबांना हे सत्य अजून उमगलेलं नाही. आखातातल्या करामा भागातल्या अपरान्त फुटबॉल क्लबला मात्र ते १९९३ साली, स्थापनेच्या सभेतच उमगलं. त्या सभेत एक अध्यक्ष, दोन कार्याध्यक्ष आणि पाच उपाध्यक्ष बिनविरोध निवडून आले. (चेंडू पुढच्या वर्षी घेतला. तो अध्यक्ष चंद्रहास यांच्या शोकेसमध्ये सुरक्षित असे.)

क्लबात फुटबॉल येणारा माणूस एकच, खैरुद्दीन. रत्नागिरीकडचा, एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर. "मी खेळायला आलोय," असं त्याने सांगितलं तेव्हा कार्यकारिणी पेचात पडली, कारण घटनेत खेळाडू असं पदच नव्हतं. शेवटी त्याला 'विशेष निमंत्रित' म्हणून सामावून घेण्यात आलं. मॅच कधी, असं त्याने विचारलं की चंद्रहास म्हणत, "इन्शाल्ला, नेक्स्ट सीझनला नक्की." असे आठ सीझन गेले. खैरुद्दीन दर शुक्रवारी पार्किंगच्या भिंतीवर स्वतःचा चेंडू मारत राहिला आणि गावी बायकोला, बानूला, फोनवर सांगत राहिला की आपण क्लबकडून खेळतो. या खोटेपणाची त्याला मनापासून लाज वाटे.

मग २००१ च्या मे महिन्यात बानू व्हिजिट व्हिसावर आली आणि म्हणाली, "तुमची मॅच बघायचीय मला." खैरुद्दीनने चंद्रहासांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. कार्यकारिणीने नाइलाजाने राजनच्या मल्याळी संघाशी सामना ठरवला. शुक्रवारी सकाळी तासभर मैदान मिळालं. संघ ज्येष्ठतेनुसार निवडला गेला. गोलकीपर म्हणून खजिनदार उभे राहिले, कारण हातात आलेलं ते सोडत नाहीत असा त्यांचा लौकिक होता.

बॅनर बांधायला दोन खांब लागतात, आणि मैदानात खांब होते ते गोलचे. त्यामुळे व्यासपीठ राजनच्या बाजूच्या गोलात थाटण्यात आलं.

राजन म्हणाला, "चंद्रहास भाई, वहाँ तो गोल मारना है ना?"

"हां हां, वो बाद में देखेंगे."

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. त्या उन्हात पाहुण्यांना शाली घातल्या, मग शाली घालणाऱ्यांचा सत्कार झाला, मग रेफरीचाही. राजनची मुलं वॉर्मअप करून करूनच दमली. वेळ संपत आली आणि उपाध्यक्ष सत्यजित यांचं आभारप्रदर्शन तर अजून बाकी होतं. तेव्हा वेळेची बचत म्हणून सामना आणि आभार एकदमच सुरू करावेत, असा व्यवहारी तोडगा निघाला. शिट्टी वाजली. सत्यजित यांनी माईक हातात घेतला.

खैरुद्दीनला चेंडू मिळाला. त्याने तिघांना चकवलं, मग गोलकीपरलाही. समोर मोकळा गोल होता आणि गोलात सत्यजित, मंडपवाल्याचे आभार मानत. कडेला बानू उभी राहिली होती. खैरुद्दीनने आठ वर्षांचा सगळा जीव पायात आणून चेंडू मारला.

आभारप्रदर्शन अपूर्ण राहिलं.

त्याच दुपारी शिस्तपालन समिती बसली. (ती १९९३ पासून याच दिवसाची वाट बघत होती.) कार्यक्रमात व्यत्यय आणल्याबद्दल खैरुद्दीनला कायमचं काढण्यात आलं. राजन एवढंच म्हणाला, "भाई, गोल था. आदमी बीच में खड़ा था, उसमें बॉल क्या करेगा?" पण राजन पडला प्रतिस्पर्धी, त्याचं मत ग्राह्य धरता येत नाही.

"गोल झाला ना हो?" बानूने घरी विचारलं. तिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून खैरुद्दीन चंद्रहासांकडे गेला.

"शिक्षा मंजूर आहे, साहेब. फक्त गोल धरला की नाही तेवढं सांगा."

"पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ."

विषय अजून आलेला नाही. बानू परत गेली, दोन वर्षांनी खैरुद्दीनही कायमचा गावी गेला.

हा इतिहास ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, की सत्यजित यांना नेमकं कुठे लागलं. गोल धरला का, हे आजवर कोणीही विचारलेलं नाही. तुमच्याही मनात आधी सत्यजितच आले असतील तर संकोच करू नका. क्लबात तुमच्यासाठी सहावं उपाध्यक्षपद निर्माण करता येईल.