जानकीबाईच्या लोणच्याचा नमुना

जानकीबाईच्या लोणच्यात औषध निघालं, असं भिवंडीच्या दौलतशेठनं भरल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर सांगितलं आणि तिच्या बरण्या फळीवरून उतरवल्या. औषध कसलं, तर फॉर्मेलिन. कॉलेजात मेलेले बेडूक बुडवून ठेवतात ते. आता खारबावच्या जानकीबाईचं लोणचं म्हणजे कैरी, मीठ, मसाला आणि तेल. दोन उन्हाळे बरणीत राहिलं तरी बिघडायचं नाव घेत नाही. अशा बाईच्या नावाला डाग लावायचा म्हणजे काय, चेष्टा आहे का?

ती तशीच अन्न निरीक्षक यादवसाहेबांच्या हापिसात धडकली. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, की दुकानातून नमुना आम्हीच घेतला, प्रयोगशाळेनं तपासला, तिथे चूक होत नाही.

"मंग माज्या दारात या. माज्या डोळ्यांदेखत नमुना घ्या," असं म्हणून ती बाकावर बसली, ती साहेब हो म्हणेपर्यंत उठली नाही.

साहेब आले, सोबत शिपाई दामू. दामूची सगळी नोकरी तबेल्यातल्या दुधाचे नमुने घेण्यात गेलेली. दूध वाटेत नासू नये म्हणून बाटलीत फॉर्मेलिनचे थेंब टाकायचे, हा तिथला नियमच. त्यानं तीन बाटल्यांत लोणचं भरलं, खिशातून कुपी काढली आणि साहेबांशी बोलता बोलता पहिल्या बाटलीत थेंब सोडले.

जानकीबाईनं त्याचं मनगट धरलं. "काय घातलंस रं ह्यात?"

"फॉर्मेलिन," दामू साधेपणानं म्हणाला. "नमुना टिकाया नको?"

दुकानातला नमुनाही ह्याच दामूनं भरला होता, हे साहेबांना आठवलं. आपणच घालायचं, आपणच शोधायचं आणि वर हिच्या नावानं बोंब! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"माजं लोणचं दोन वरसं टिकतं," जानकीबाई म्हणाली, "आन् तुमच्या बाटलीत दोन दिस टिकत न्हाय?"

कुपी जप्त करून तिनं नव्या तीन बाटल्या भरून दिल्या. साहेबांनी लाखेचं सील लावलं; एक बाटली प्रयोगशाळेला, दोन हापिसात ठेवायला.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा दारात. साहेब चाचरत म्हणाले, की प्रयोगशाळेत सील फोडलं तेव्हा नेमकी जेवणाची सुट्टी झाली होती. तपासायला काही उरलं नाही.

"आन् तुमच्याकडच्या दोन बाटल्या?"

साहेब दामूकडे बघू लागले, दामू साहेबांकडे. शेवटी साहेबांनी हळूच नवा नमुना मागितला.

जानकीबाईनं बरणी आणली, पण हातातून सोडली नाही.

"देते की. आदी दौलतशेठच्या दुकानात चला, आन् गिऱ्हाइकांसमोर सांगा, तीन बाटल्या कुठं गेल्या."