सासऱ्यांची गाठ आणि जावयाची बोट

बोटीची शर्यत हा हातांचा खेळ नाही, इंजिनाचा तर मुळीच नाही, तो डोळ्यांचा खेळ आहे, आणि डोळ्यांतलं आपल्याइतकं इथे कुणाला कळतं? असं चष्मेवाला येईल त्या गिऱ्हाइकाला महिनाभर ऐकवत होता. गिऱ्हाईक बिचारं डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेलं असायचं. त्याला मान हलवून नाही म्हणायचीही सोय नव्हती.

शर्यतीची तयारी मात्र त्याने कसून केली होती, हे मान्य करायला हवं. रोज संध्याकाळी तो हेल्मेट घालून खुर्चीत बसे, हातात ताट धरून ते स्टिअरिंगसारखं फिरवी, समोर टेबलफॅन पुऱ्या वेगात, आणि शेजारी बायको मगाने त्याच्या तोंडावर सपासप पाणी मारायला. सुरुवातीला तिने ते कर्तव्य म्हणून केलं. पुढे तिला त्यात गोडी लागली आणि नवरा पेपर वाचत बसलेला असला तरी ती एखादा मग मारून जाऊ लागली.

बोट जुनी होती, पण लालभडक आणि अंगात मस्ती असलेली. दोन खोल्यांच्या घरात ती मावण्यासारखी नव्हती, म्हणून सासऱ्यांच्या गोदामात कपाटं-पलंगांच्या गर्दीत एका ट्रेलरवर पडून होती. सगळी गोम तिथेच होती.

सासऱ्यांचा धंदा लोकांचं घरसामान हलवण्याचा, आणि तोही पिढीजात. त्यांच्या बंद गाडीच्या पाठीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आम्ही बांधलेलं सुटत नाही'. लोकांना ती जाहिरात वाटे, पण ती वस्तुस्थिती होती. एका कुटुंबाचा फ्रिज त्यांनी नव्या घरी पोचवला आणि दोर सोडायचा विसरले. ती माणसं अजून दाराच्या फटीतून चिमट्याने लिंबं काढतात, असं लोक म्हणत. घराण्याचा दंडकच होता, की ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडायची आणि काही झालं तरी दोर कापायचा नाही. दोर कापला म्हणजे घराण्याचं नाक कापलं!

सासऱ्यांना मुलगा नव्हता. जावयाने भिंगं पुसत बसण्यापेक्षा गोदामावर यावं, चार गाठी शिकाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती ते भेटतील तेव्हा बोलून दाखवत. चष्मेवाल्याचं दुकान म्हणजे एक बोळकांडं, दोन गिऱ्हाइकं आली की मालकाने बाहेर उभं राहायचं. पण पाटीवर नाव त्याचं स्वतःचं होतं आणि त्या पाटीवर त्याचा जीव होता. शर्यतीचं कानावर आलं तेव्हा सासऱ्यांनी एकदाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

"जावईबापू, शर्यत पुरी केलीत तर तुम्हाला गोदामावर या म्हणून पुन्हा कधी म्हणणार नाही. नाही केलीत, तर सोमवारपासून दुकानाला कुलूप. कबूल?"

"कबूल," चष्मेवाला म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी बोट ओढून न्यायला अर्थातच सासऱ्यांचीच गाडी होती. ट्रेलर गाडीला हुकाने अडकवायचा असतो, पण लोखंडाचा काय भरवसा, म्हणून त्यांनी तो दोराने बांधला. मग बोट ट्रेलरला बांधली. मग मनाचं समाधान होईना, म्हणून बोट थेट गाडीलाही बांधली. गाडीत थर्माकोल आणि फोमचे गठ्ठे छतापर्यंत ठासून भरलेले होते. ते उतरवायला कुणाला वेळ नव्हता.

तळ्यावर पोचल्यावर सासऱ्यांनी गाडी मागे घेत घेत उतारावरून ट्रेलर अर्धवट पाण्यात आणून लावला, चाकांमागे लाकडी ठोकळे सारले, डबा खाल्ला आणि आपल्या सीटवरच डोळ्यांवर टोपी ओढली. दुपारची झोप त्यांनी कधी चुकवली नव्हती. झोपता झोपता एवढंच म्हणाले, की गाठ सुटली नाही तर मला उठवा, पण उठवलंत तर हरलात असं मी धरेन.

चष्मेवाला गाठीला भिडला. नखं मोडली. दात लावून पाहिले. खिशातला चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारका पेचकस गाठीत घातला, तो तिथेच वाकून बसला. शेवटी त्याने शेजारी गळ टाकून बसलेल्या माणसाकडे सुरी मागितली, तोच बायको पुढे आली.

"अहो, त्या दोराला सुरी लावलीत तर मला माहेर उरणार नाही."

तेवढ्यात बोटी सुरुवातीच्या रेषेवर आणा म्हणून भोंग्यावरून पुकारा झाला. आता डोकं चालवणं भाग होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. बोट आणखी थोडी पाण्यात गेली की तरंगेल, तरंगली की दोर सैल पडेल, आणि राहिलेलं काम इंजिन करेल, असा हिशोब त्याने मांडला. त्याने चाकांमागचे ठोकळे काढले, बोटीत उडी मारली आणि इंजिन उलटं टाकलं. दोर सैल पडला नाही. ट्रेलर आला, ट्रेलरमागोमाग गाडी आली आणि गाडीबरोबर घोरणारे सासरे आले!

गाडी बुडायला हवी होती. पण पोटात एवढा थर्माकोल असल्यावर ती कसली बुडते? डुलत डुलत ती पाण्यावर बदकासारखी बसली. काठावर बायकोने डोळ्यांवर हात घेतला आणि बोटांच्या फटीतून पाहत राहिली.

निशाण पडलं. शर्यत पुरी करायची एवढं एकच चष्मेवाल्याच्या डोक्यात होतं. त्याने इंजिन सुलटं करून जोर लावला. आता बोटीचं तोंड होतं गाडीच्या पाठीकडे, त्यामुळे बोट गाडीला ढकलू लागली. पुढचं पाणी, वळण, इतर बोटी, सगळं गाडीआड गेलं. जो माणूस शर्यत डोळ्यांची म्हणून महिनाभर सांगत होता, त्याला आता फक्त 'आम्ही बांधलेलं सुटत नाही' एवढंच दिसत होतं.

पुढे सासऱ्यांना जाग आली. काचेवर पाण्याचे फवारे, खाली पाणी, बाजूला पाणी. रस्त्यावर पूर आलाय असं त्यांनी ओळखलं आणि मुरलेल्या ड्रायव्हरने करावं तेच केलं. वायपर सुरू केले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि हॉर्नवर हात ठेवला. पुढे बेकरीवाल्याची पिवळी बोट होती, तिच्या पुढे दातांच्या डॉक्टरची. मागून मोठ्या गाडीचा हॉर्न आला की बाजू द्यायची, हे माणसाच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की तळ्यातही ते सुटत नाही. बेकरीवाल्याने बोट डावीकडे घेतली आणि हात बाहेर काढून 'जा पुढे' अशी खूणही केली. डॉक्टरने घाईत इतकी बाजू दिली की तो लव्हाळ्यात शिरला आणि तिथून ओरडत राहिला.

वळणाच्या खुणेसाठी मध्यभागी एक पिंप तरंगत सोडलं होतं. सासऱ्यांना तो चौक वाटला. त्यांनी रीतसर हात दाखवला, पुढची चाकं वळवली, आणि ती पाण्यात सुकाणूसारखी वागली. गाडी, ट्रेलर, बोट अशी सगळी वरात पिंपाला सुबक वळसा घालून परत फिरली.

इकडे चष्मेवाल्याला मात्र वेगळंच दिसत होतं. गाडी एका बाजूला कलायला लागली होती. दुकान गेलं तर गोदाम आहे, पण सासरे गेले तर बायकोला काय सांगायचं? आणि खरं म्हणजे म्हातारा त्यालाही आवडत होता, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. पाटी डोळ्यांसमोर आली तरी त्याने जोर कमी केला.

"बाबा, गाडी बुडतेय! बाहेर या, मी धरतो!" तो ओरडला.

खिडकीतून टोपी बाहेर आली, मग भिजलेल्या मिश्या आल्या.

"थांबलात कशाला? तो बेकरीवाला पुढे जाईल ना! ढकला!"

चष्मेवाल्याने ढकललं.

पंच म्हणजे पोहण्याचे जुने मास्तर, नियमाला पक्के. आधी रेषा ओलांडेल तो पहिला, वाहन कुठलं असावं ते नियमात लिहिलेलं नाही, असा निकाल त्यांनी दिला. पहिला नंबर गाडीचा आला. एका ट्रेलरच्या अंतराने बोटीचा दुसरा. चषक सासऱ्यांनी घेतला, छातीशी धरला आणि पुढच्या वर्षी हॉर्न बदलू म्हणाले. पण शर्यत तर पुरी झाली होती! चष्मेवाल्याने मनातल्या मनात दुकानाच्या पाटीवरची धूळ पुसूनही घेतली.

सगळं काठावर ओढून घेतल्यावर सासरे गाठ सोडायला बसले. पाण्याने दोर आवळला होता. त्यांनी नखं लावली, दात लावले, मग गाठीवर थोपटलं.

"चांगली बसलीय," ते म्हणाले. गळ टाकणाऱ्याने न विचारता सुरी पुढे केली, पण ती कुणी घेतली नाही.

सोमवारी सकाळी घराखाली तो ओळखीचा हॉर्न वाजला. चष्मेवाला दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊनच खिडकीत आला. खाली गाडी होती, मागे ट्रेलर, ट्रेलरवर लालभडक बोट, सगळं जसंच्या तसं बांधलेलं. दुसऱ्या टोकाच्या वस्तीतल्या कुणाचं तरी घर आज हलवायचं होतं.

"बाबा, मला गोदामावर बोलावणार नाही असं ठरलंय," त्याने वरून बजावलं.

"मग? दिलेला शब्द मोडणारा माणूस नाही मी." सासरे गाडीच्या खिडकीतून म्हणाले. "गोदामावर कोण बोलावतंय? तुम्ही तुमच्या बोटीत बसा. एवढं लांबलचक झालंय, गाडी मागे घेताना मागून कुणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायला नको का?"

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने खुंटीवरचं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं, आणि सवयीने एक मग पाणी मारलं.