दुसरी किल्ली

आमच्या दत्तूआबाच्या सायकलला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली आबाच्या करगोट्याला, दुसऱ्याची शेजारच्या सखूमावशीकडे. मावशी बेडशाला लेकीकडे गेली की आबा पायी फिरतो. माझा हा चुलता कुठलीही नवी वस्तू पाहिली की आधी विचारतो, "दुसरी किल्ली कुणाकडं?"

हे खूळ गावच्या भांड्यांच्या खोलीचं. लग्नाकार्याची सामायिक भांडी तिथं असतात आणि दाराला दोन कुलपं. एक किल्ली आबाकडे, दुसरी गणपतभाऊकडे. एका लग्नात मोठ्या पातेल्याचं बूड जळलं, ते कुणामुळे यावरून दोघांचं बोलणं तुटलं. तरी कार्य निघालं की दोघं यायचे, एकमेकांकडे न बघता आपापलं कुलूप काढायचे.

आबा दूध संस्थेचा सचिव. मध्यंतरी संस्थेचा कॉम्प्युटर बसला. मला घरच्या टीव्हीचा रिमोट कळतो, एवढ्या भांडवलावर नवा डेटाबेस टाकायला मला बोलावलं. संध्याकाळचं दूध यायला लागलेलं, दाराशी किटल्यांची रांग. तेवढ्यात पडद्यानं अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला.

"आबा, याच्यासोबत आलेला तयार पासवर्ड आहे. तोच ठेवू, सगळे ठेवतात."

"सगळ्यांना ठावं असल्यावर कुलूप कशाला म्हनायचं? नुसती कडी ती. अर्धा मी घालतो, अर्धा गणपत."

"तू बोलत नाहीस ना त्याच्याशी?"

"बोलायचं कुटं हाय? टाइप करायचंय. तू फोन लाव."

मी लावला, पासवर्डाचं काम सांगितलं. पलीकडून गणपतभाऊनं विचारलं, "दत्तू हाय का तितं?" आहे म्हटल्यावर फोन कट.

"दत्तूभाऊ, दूध नासंल की," सखूमावशी रांगेतून म्हणाली. आबा हलेना. मी गुपचूप तयार पासवर्ड घालायच्या बेतात होतो, तोच दारात गणपतभाऊ दिसला.

आबानं एका बोटानं अर्धा पासवर्ड घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. गणपतभाऊनं उरलेला घातला. पडद्यानं तोच पुन्हा मागितला. पुन्हा दोघांनी घातला. जुळला नाही. परत पहिल्यापासून. परत नाही.

"कुणाचं तरी बोट चुकतंय," गणपतभाऊ कॅलेंडरला म्हणाला.

"पातेलं बी असंच करपलं व्हतं," आबा भिंतीला म्हणाला.

मला वाटलं, संपलं. गणपतभाऊ उठला, पण खुर्ची जवळ ओढून परत बसला. "हळू घाल," तो म्हणाला. या वेळी कॅलेंडरला नाही.

जुळला.

निघताना मी आबाला समजावलं, की रोजच्या कामाला वेगळा पासवर्ड आहे, हा मोठा वर्षातून एखाद्या वेळीच लागेल. "वर्सातनं येकदाच?" आबा पुटपुटला.

पुढच्याच सोमवारी त्याचा फोन. मोठा पासवर्ड लागतोय, ये. जाताना वाटेत भांड्यांची खोली दिसली. आता लग्नं लोणावळ्याच्या हॉलात होतात, भांडी केटररची. दोन्ही कुलपं गंजून दाराला चिकटलेली.

संस्थेत आबानं दुसरी खुर्ची पुसून ठेवली होती. मी कॉम्प्युटर उघडून पाहिला.

"आबा, काहीच बिघडलेलं नाही."

"व्हय," आबा रस्त्याकडे बघत म्हणाला. "तू गणपतला फोन लाव. म्हनावं, दुसरी किल्ली लागतीय."