पाठमोरे सुखदेवराव

कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आमच्या समोर राहणारे सुखदेवराव ‘चहा झाला का गा?’ असं विचारत, तेव्हा नागपूर ओलांडून पार हुडकेश्वरात कुणीतरी आधण ठेवत असे. टर्बाइनशेजारच्या ड्युटीत त्यांचे कान निम्मे गेले होते. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही, ही त्यांची समजूत.

बायको वारलेली, पदरात चार वर्षांची मंदा. ड्युटी, स्वयंपाक, पोरीची वेणी, सगळं तेच करत. वरणभात कालवून तिच्यापुढे बसले की कॉलनीभरची कॅलेंडरं फडफडत.

“खाय वं माय! काहून खात नाई?”

मंदा तोंड घट्ट मिटून घेई. सुखदेवराव घाबरत. घाबरले की आवाज आणखी चढे. पोर वाळत चालली, फ्रॉक खांद्यावर ठरेना.

शेवटी मी दोघांना धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं. तपासून ते म्हणाले, “आजार काही नाही. जेवताना हिच्यावर ओरडतं कोण?”

“कोणीच नाई, साहेब!”

कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. बाहेरचे तीन रोगी औषधाशिवाय बरे होऊन घरी पळाले. आणि मंदा माझ्या पायांमागे लपली.

सुखदेवरावांनी ते पाहिलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी तिकिटंसुद्धा बोटांनी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून मंदाचं ताट वाढून, आपलं ताट घेऊन ते बाहेर पायरीवर बसू लागले. तिच्याकडे पाठ, तोंडातून ब्र नाही. ती जेवते की नाही हे ऐकू येण्याची सोयच नव्हती, म्हणून ते समोरच्या ओट्यावर बसलेल्या माझ्याकडे बघत. उघड्या दारातून बघून मी खूण करी: एक पोळी, एक बोट. महिन्याभरात मंदा दोन बोटांवर आली.

“आता आत बसा ना, भाऊजी,” माझी बायको हातवारे करत म्हणाली.

“नाई वहिनी. भेते ते मले.” एवढं त्यांना पहिल्यांदाच हळू बोलता आलं.

एका दुपारी मी दोन बोटं दाखवूनही ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी बोटांनी स्वतःच्या ओठांची टोकं ताणली आणि भुवया उंचावल्या. हसते का?

मी आत पाहिलं. मंदा मांजरीपुढे भाताचा घास धरून, खुदुखुदु हसत, अगदी मऊ आवाजात म्हणत होती, “खाय वं माय. काहून खात नाई?”

मी मान हलवली. सुखदेवरावांनी ताटातल्या भातावर पडलेली वीजकेंद्राच्या चिमणीची राख फुंकली आणि पाठमोरेच जेवू लागले.

आयुष्यभर थापा मारत आलेला मी माणूस. पण ते वाक्य खुणेनं कसं सांगावं, ते काही मला सुचलं नाही.