पाव किलो समुद्र

"समुद्र म्हणजे तरी काय? पाणी, मीठ आन पंप," प्रभुलिंग म्हणाला. "त्यातला पंप तर आपल्या दुकानातच हाय."

बिदरजवळच्या नौबादला प्रभुलिंगचं मोटारी-पंपांचं दुकान होतं. बोअरचं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढवून देणाऱ्या माणसाला समुद्र बैठकीत आणणं अवघड का जावं, असा त्याचा साधा हिशेब होता. मोबाइलवर त्यानं ते दृश्य पाहिलं होतं: काचेची पेटी, निळा उजेड, पाण्याबरोबर डुलणारी प्रवाळं आणि त्यांच्या आडून डोकावणारा एक केशरी मासा. त्या दिवसापासून गोड्या पाण्यातले मासे त्याला पाहवेनात.

त्याची बायको सुधारानी हिनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. प्रभुलिंगनं एकदा पाहिला होता, कारवारजवळ, बसच्या खिडकीतून. बस थांबली नव्हती. तरीही घरातला समुद्राचा जाणकार तोच.

अडचण आईची होती. मल्लव्वाच्या उंबऱ्याच्या आत अंड्याचा केकसुद्धा येत नसे. दर अमावास्येला तिच्याकडे पंगत बसे. प्रभुलिंगचे वडील असल्यापासूनची ही रीत. गल्लीतलं, मठातलं, वाटेवरचं जे कुणी येईल त्यानं पाटावर बसायचं आणि गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, खाऊन उठायचं. एरवीही त्या घरातून कुणी न जेवता जात नसे. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस तिथं यायची वेळ बरोबर दुपारची धरायचा.

"मासा पाळायचा हाय अव्वा, खायचा न्हाई," प्रभुलिंगनं समजावलं.

"तुझ्या बापानं जलमभर मोटारी इकल्या, पण पाण्यात जीव कोंडून ठेवला न्हाई." मल्लव्वानं गहू पाखडता पाखडता थोडा विचार केला. "पाळ. पर एक ध्यानात ठेव. त्या पेटीपायी माझ्या पंगतीतनं एक मानूस जरी उपाशी उठला, तर पेटी भायेर."

"मासा बघून कोन उपाशी उठतंय?"

"ते मला ठाव न्हाई. मी सांगून ठेवलंय."

प्रभुलिंगनं हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला. सगळ्या सामानाचा आकडा ऐकून त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला, पण त्या कानालाही तोच आकडा ऐकू आला. मग काटछाट सुरू झाली. पेटी गावातल्या काचवाल्याकडून करून घेतली. स्टँड दुकानातल्या पाइपांचा, त्यावर म्हैस उभी केली असती तरी हलला नसता. जिवंत जंतूंनी भरलेला खडक परवडेना, म्हणून कोरडा पांढरा खडक मागवला. मीठ मात्र समुद्री माशांसाठी बनवतात तेच घ्यावं लागलं. त्याची भली मोठी बादली बसच्या टपावरून बिदरला आली आणि तिथून रिक्षात बसून गल्लीत. बादलीवर टोपलीएवढा मासा छापलेला होता. गल्लीनं तो नीट बघून घेतला.

फिल्टरचं पाणी भरलं, मीठ कालवलं, खडक रचले, पंप सुरू झाला. निळ्या उजेडात पांढरे दगड चकाकू लागले.

"आन मासा?" सुधारानीनं विचारलं.

"इतक्यात न्हाई. आदी पानी पिकू दे."

हे तो खरंच सांगत होता. नव्या पाण्यात मासा सोडला तर तो आपल्याच घाणीनं मरतो. ती घाण खाणारे जंतू आधी पाण्यात वाढवावे लागतात आणि त्याला काही आठवडे जातात. जंतूंची तयार बाटली विकत मिळते, पण ती महाग. व्हिडिओतल्या माणसानं स्वस्तातला उपायही सांगितला होता: पाण्यात एक मेलेली कोळंबी टाकायची. ती कुजू लागते, जंतू जमतात, खातात, वाढतात. त्यांचं खाऊन झालं की पाणी तयार.

"कोळंबी आननार कोन?" सुधारानी म्हणाली. "आन अव्वांना कळलं तर?"

"डोळ्याला न दिसनाऱ्या जंतूंचं अव्वाला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी प्रभुलिंग मासळीबाजारात गेला. कुणी ओळखू नये म्हणून त्यानं डोक्याला आणि तोंडाला टॉवेल गुंडाळला होता. स्कूटर बाजाराच्या तोंडाशीच लावली. स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: प्रभु पंप्स, नौबाद.

"कित्ता होना?" मासळीवालीनं विचारलं.

"एक."

"एक किलो?"

"एक नग."

तिनं हातातला सुरा खाली ठेवला आणि टॉवेलातल्या दोन डोळ्यांकडे पाहिलं. "घर में बिल्ली है क्या जी?"

"न्हाई. पान्यात टाकाया पायजे."

"पानी में से हम निकाले, तुम पानी में डालते?" ती शेजारणीकडे वळून हसली. "पाव किलो से कम नई देती. होना तो बोलो."

प्रभुलिंग पाव किलो घेऊन आला. घरी पुडी सोडल्यावर पहिल्यांदा त्यानं त्या वस्तूकडे नीट पाहिलं. मिशा होत्या, पाय मोजता येत नव्हते. यातली एक टाकायची, म्हणजे उरलेल्यांचं काय करायचं? इथं त्याच्यातला दुकानदार जागा झाला. अर्ध्या एचपीच्या मोटारीनं टाकी भरायला वेळ लागतो, तीन एचपीच्या मोटारीनं लगेच भरते. पाव किलोनं पाणी झटपट पिकेल. मल्लव्वा देवळात गेलेली होती. त्यानं सगळ्या कोळंब्या खडकामागे ढकलल्या.

एक-दोन दिवसांत वास सुटला.

मांसाहारी घरात पोरानंसुद्धा नाक मुरडून विचारलं असतं, काय सडलंय? या घरात कोळंबी जिवंत, मेलेली, शिजलेली, कुठल्याच अवस्थेत कुणी हुंगलेली नव्हती.

"हा वास कसला ओ?" सुधारानीनं विचारलं.

प्रभुलिंगनं कारवारची बस आठवून पाहिली. खिडकी तेव्हा बंद होती. "समुद्राचा," तो ठामपणे म्हणाला. "असाच असतोय."

सुधारानीनं विश्वास ठेवला. संध्याकाळी ती पेटीसमोर खुर्ची टाकून बसली आणि डोळे मिटून खोल श्वास घेत राहिली. "लोक पैसे खर्चून जात्यात की ओ समुद्रावर," ती शेवटी म्हणाली, पण स्वर जरा पडलेला होता.

मल्लव्वानं ऊद लावला. मग आणखी ऊद लावला. "तुझा समुद्र आंबायलाय," एवढंच ती म्हणाली.

अमावास्या आली. स्वयंपाकघरात हुग्गीचं पातेलं चढलं. तूप कढवलं, भाकरीची चवड उभी राहिली. एरवी बैठकीत पाट कमी पडत. आज अर्धे रिकामेच होते. आलेल्यांत गल्लीतले म्हातारे, निवृत्त शिक्षक बसवंतप्पा मास्तर होते, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा वीरण्णा होता आणि मठाकडची काही मंडळी. 'शरणु शरणार्थी' असा नमस्कार झाला. सगळे काचेच्या पेटीपासून शक्य तितके लांब बसले. सुधारानी ताटं मांडू लागली.

"मला नगं पोरी," बसवंतप्पा म्हणाले. "शुगर वाढलीय."

"मग हुग्गी ऱ्हाऊ दे, भाकरी खावा की."

"भाकरीनं बी वाढतीय."

वीरण्णाची दाढ दुखत होती. मठाकडच्या एकाचा उपास निघाला. दुसऱ्याला उपास नव्हता, पण पहिल्याच्या सोबतीनं त्यानंही धरला. मल्लव्वा पातेल्यातला डाव हातात घेऊन दारात उभी होती. ती एकेकाकडे बघत गेली.

"पानी तरी घ्या," ती म्हणाली.

कुणी तांब्याकडे हात नेला नाही.

मल्लव्वा खाली बसली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "मास्तर, मालक गेले त्या म्हयन्यात बी तुमी हितं जेवलाव. माझ्या हातचं काय बिगडलं ते सांगा. मी वाईट वाटून घ्यायची न्हाई."

बसवंतप्पांनी घसा खाकरला. मग प्रभुलिंगकडे बोट केलं. "याला इचारा अक्का. आमच्या तोंडानं कामून वदवून घेताव?"

"काय केलास रे?"

"मी सांगतो," वीरण्णाला राहवलं नाही. "बस्सनं मिठाची बादली आली, तिच्यावर मासा. मंग ह्यो तोंड बांधून मासळीबाजारात. मी सोत्ता गाडी बगितली. आन आता घरभर ह्यो वास. सारी गल्ली म्हनायलीय, पंपाचा धंदा बसला, प्रभुलिंग घरात सुकट घालायलाय."

"सुकट?" प्रभुलिंग म्हणाला. "वीरण्णा, तुज्या गिरणीत पीठ तरी निघतंय का नुसत्या बातम्याच?"

"मग बाजारात गेला नव्हतास म्हन."

प्रभुलिंगनं आईकडे पाहिलं. पंपात बिघाड असेल तर तो गिऱ्हाइकाला बेधडक वीजखात्याचं नाव सांगत असे. इथं सांगायला कुणाचंच नाव नव्हतं. "गेलतो," तो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं: जंतू, घाण, पिकणारं पाणी, पाव किलो.

पंप तेवढा बुडबुडत राहिला.

"म्हंजे माझ्या घरात मेलेले जीव हाईत," मल्लव्वा म्हणाली.

"काढतो अव्वा. आत्ता काढतो."

तो चिमटा आणायला स्वयंपाकघराकडे वळला.

"माज्या चुलीच्या चिमट्याला हात लावशील तर बग."

शेवटी पाइपाची पक्कड आणली. कोळंब्या एकेक करून निघाल्या. त्यांचं आता वर्णन नको. वास असा उसळला की उपासवाले दोघेही अंगणात जाऊन उभे राहिले. प्रभुलिंगनं लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणला. माती लोटताना त्यानं मान वर केली, तर वीरण्णा टोपी हातात घेऊन गंभीर उभा.

"टोपी कामून काढलास?" बसवंतप्पांनी विचारलं.

"सवय झालीय मास्तर. मातीला गेलं की हात वर जातोय."

बसवंतप्पांना हसू आवरेना. हसता हसता ते आत आले, पेटीत वाकून बराच वेळ बघत राहिले. "प्रभु, हे जंतू दिसत न्हाईत म्हनतोस?"

"न्हाई."

"मासा येयाच्या आदी त्यांना खाऊ घालायचं. ते जेवले तरच मासा जगतोय."

"व्हय मास्तर."

"मग अक्का, पोरगं तुमच्यावरच गेलंय की. तुमी दिसनाऱ्याला वाढताव, ह्यो न दिसनाऱ्याला वाढायलाय. रीत तीच, वाढाय येत न्हाई तेवढंच." ते पाटावर बसले. "वाढा हुग्गी. तूप सोडा वरनं."

"आन शुगर?" मल्लव्वानं विचारलं.

"उतरली."

वीरण्णाची दाढही थांबली. उपासवाल्यांनी हातपाय धुतले आणि सगळ्यांच्या आधी ताट पुढे ओढलं. वीरण्णानं निरोप धाडला तशी गल्लीतून आणखी माणसं आली. पाट कमी पडले, दोघं पोत्यावर बसले. मल्लव्वा वाढता वाढता मध्येच थांबे, पेटीकडे बघे आणि पुन्हा वाढू लागे. प्रभुलिंग सुटकेचा श्वास घेत होता, अर्थात तोंडानं.

पंगत उठली. तो पाहुण्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेला. कुणी उपाशी उठलं नव्हतं, म्हणजे पेटी घरातच राहणार होती. केशरी मासा कसा दिसतो हे त्यानं बसवंतप्पांना मोबाइलवर दाखवलं. पुढची अमावास्या झाली की बघायला या, असंही सांगितलं.

परत आला तर बैठकीत निळ्या उजेडासमोर मल्लव्वा उभी होती, हातात डाव. पेटीत शिजलेले गव्हाचे दाणे सावकाश खाली उतरत होते. गूळ विरघळून पाण्याला चहाचा रंग चढत होता. वर तुपाचा तवंग गोल फिरत होता.

"अव्वा," ओरडत प्रभुलिंग पेटीकडे धावला.

"वरडू नगस. सारी जेवली. तेवढी बिचारी जंतूच उपाशी ठेवायची व्हय?" तिनं डाव पेटीच्या काठावर आपटून चिकटलेली हुग्गीही आत पाडली. "दोन डाव घातले. पुरंल का न्हाई बग."

सुधारानीनं रिकामी बादली आणून त्याच्या पायाशी ठेवली.

प्रभुलिंगनं वाकून पंपाचं बटण बंद केलं.

"पुरंल," तो म्हणाला. "वर्षभर पुरंल."