जास्वंदीला सलाईन

आमच्या शेजारच्या सिस्टरांनी जास्वंदीला सलाईन लावलं, तेव्हा आम्ही जालन्यात नवीन होतो. इथली पद्धत असेल, असं समजून मी गप्प बसलो.

खिडकीच्या गजाला उलटी टांगलेली बाटली, तिची नळी कुंडीत, आणि नळीतून थेंब थेंब उतरणारं तपकिरी पाणी. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं, "अशक्तपणा आहे हो सर. कळ्या गळून राह्यल्या. थोडे दिवस काकवीचं पाणी जाऊ द्या पोटात, मंग बघा."

सिस्टर, म्हणजे सुमनताई, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या निवृत्त झाल्या, असं निरोप समारंभाला गेलेले लोक सांगतात. त्यांना स्वतःला ही बातमी कोणी दिली नसावी.

जांब समर्थच्या बाजूला त्यांच्या भावाचं शेत आहे. तिथल्या गुऱ्हाळावरून काकवीचे डबे यायचे. इतकी चांगली काकवी पोळीशी न खाता मातीत ओतताना बघून माझा जीव तुटायचा. एकदा तसं बोललो, तर म्हणाल्या, "झाडाला कोण देतं? झाड आपलं आपण करून घेतं. खाली मातीत जे जिवाणू राबून राह्यले, त्यांना कोणी विचारतं का?"

या जिवाणूंना त्या 'आतले पेशंट' म्हणत. जे कोणाला दिसत नाहीत, त्यांची तब्येत त्या अशा खात्रीने सांगत की, शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनाही हेवा वाटावा. "आज आतल्या पेशंटला भूक न्हाई." "आज बराबर जेवले बिलकुल." प्रमाणही ठरलेलं होतं. बादलीभर पाण्याला थोडीशीच काकवी. घट्ट दिली तर बाधते, म्हणे. मुंग्यांचं मात्र मत वेगळं होतं.

एके दिवशी मी शाळेतून घरी आलो, तर दारातला गुलाब गायब. भिंतीपलीकडून आवाज आला, "ॲडमिट करून घेतला. घरी हयगय होऊन राह्यली होती त्याची." आमची ही रोज संध्याकाळी त्याला भेटून यायची. डिस्चार्ज मिळून गुलाब परत आला तो टपोऱ्या फुलांनी लगडलेला. तेव्हा हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की यानंतर माझा नंबर असावा.

काकवीच्या वासाने आलेले मुंगळे शेवटी कॉलनीचे चेअरमन बोराडेसाहेब यांच्या देवघरात पोहोचले. आमच्या कॉलनीत रस्ता खोदलेला आणि नळ कोरडा, त्यामुळे चेअरमनला वेळच वेळ असतो. त्यांनी रविवारी सकाळीच सभा बोलावली, तीही सिस्टरांच्याच अंगणात. पुरावा जागेवर दाखवता यावा म्हणून. विषय एकच, काकवीवर बंदी आणि कुंड्या हटवणे.

बोराडेसाहेब नाश्ता न करताच आले होते. आधी निकाल, मग पोहे, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. भाषणाला सुरुवात छान झाली. कॉलनीची शिस्त, मुंगळे, सार्वजनिक आरोग्य. मग शिस्तीच्या जागी मुंगळे यायला लागले आणि मुंगळ्यांच्या जागी शिस्त. गार वाऱ्यात त्यांच्या कपाळावर घाम आला, आवाज चढला. साहेब आज तळमळीने बोलताहेत, असं वाटून आम्ही माना डोलावल्या. एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या.

सिस्टर आरोपीसारख्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी एकदम वर पाहिलं. साहेबांच्या थरथरत्या हातांकडे.

"साहेब, शुगरचं इंजेक्शन घेतलं का सकाळी?"

"विषय बदलू नका."

"घेतलं, आणि खाल्लं काहीच न्हाई. बराबर? शुगर उतरून राह्यली तुमची."

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या आणि वाटीभर काकवी घेऊन आल्या. पाणी न घातलेली. "तोंड उघडा."

"हा... हा पुरावा आहे," बोराडेसाहेब पुटपुटले.

"गिळा जल्दी."

त्या आवाजापुढे वॉर्डच्या वॉर्ड गप्प होत असणार. साहेबांनी गिळलं. पुन्हा एक चमचा, पुन्हा एक. मिशा तपकिरी झाल्या. हळूहळू घाम ओसरला, नजर ठिकाणावर आली आणि आपण कशाविरुद्ध बोलत होतो, तेही त्यांना आठवलं असावं, कारण ते वाटीकडे बघून ओशाळले. सिस्टरांनी त्यांना पोळी खायला लावली आणि त्यांच्या बायकोला बजावून सांगितलं, "आजच्या आज डॉक्टरला दाखवा." नवराबायको रिक्षाने गेले. ठराव मांडायला कोणी उरलं नाही.

लोक पांगल्यावर मी खुर्च्या घड्या घालून रचत होतो. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या. काकवीची रिकामी वाटी अजून त्यांच्या हातातच होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बरं झालं, तुम्ही वेळेवर ओळखलंत."

"आमच्या ह्यांचं पण असंच झाल्तं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याबद्दल मी इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

"घरी एकटेच होते. शुगर उतरली. साखरेचा डबा समोर फळीवर होता, पण उठता आलं न्हाई. मी वॉर्डात होते. कोणा दुसऱ्याच माणसाची शुगर तपासून राह्यले होते. तो बरा होऊन घरी गेला."

मी उरलेल्या खुर्च्या रचत राहिलो.

त्या उठल्या, पदराला हात पुसले. "सर, तुम्हाला घाई तर न्हाई ना? चहा ठेवते."

घाई नव्हती. मी रचलेल्या खुर्च्यांतल्या दोन पुन्हा उघडून मांडल्या. मग भिंतीवरून बायकोला हाक मारली, आणि तिसरी मांडली.